रविवार कोणीं दिला?

आठवड्याचे सहा दिवस ज्याची वाट पाहण्यांत जातात आणि जो स्वतः मात्र पाहतां पाहतां निघून जातो, त्या रविवारासंबंधीं आज आपल्याशीं चार शब्द बोलावे, असें योजिलें आहे. सकाळीं थोडें उशिरां उठावें, चहाबरोबर वर्तमानपत्र सावकाश वाचावें, दुपारीं कांहीं वेगळें जेवावें, आणि ऊन उतरलें कीं मित्रमंडळींना किंवा मुलाबाळांना बरोबर घेऊन समुद्राकडे नाहींतर बागेकडे निघावें, हा शहरांतील रविवारचा क्रम आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो पूर्वापार असाच चालत आला असावा असें वाटतें. शाळेंत इतिहास शिकवितांना मी मुलांना कधीं कधीं विचारीत असें, "रविवारची सुट्टी आपल्याला कोणीं दिली?" बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असे, "इंग्रजांनीं." हें उत्तर अर्धें खरें आहे. उरलेलें अर्धें सत्य मुंबईच्या गिरणगांवांत सांपडतें, आणि तेंच आज मला सांगावयाचें आहे.

इंग्रज येण्यापूर्वीं आपल्याकडे विश्रांतीचे दिवस नव्हते, असें मात्र कोणीं समजूं नये. ते दिवस होते. पण ते वारावर नव्हे, तर तिथीवर बेतलेले असत. वेदपाठशाळांतून प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या हे अनध्यायाचे दिवस पाळीत. शेतकरी अमावास्येला औत धरीत नसे, आणि पुष्कळ ठिकाणीं सुतार-लोहारहि त्या दिवशीं हत्यार खालीं ठेवीत. त्याशिवाय सण होते, जत्रा होत्या. वाराचें महत्त्व होतें तें मुख्यतः बाजाराच्या दृष्टीनें. पुण्याच्या पेठांना सातहि वारांचीं नांवें मिळालीं आहेत, तीं पाहिलीं म्हणजे वार हा त्या काळीं लोकांच्या व्यवहारांत किती मुरलेला होता, हें ध्यानांत येतें. खेड्यांतील माणसाला आठवड्याचा बाजार हीच सहल. मीठ-मिरची घ्यावी, दोन गांवांपलीकडचा सोयरा भेटावा, गूळ-शेव पदरांत बांधून मुलांकरितां घरीं न्यावी, अशी ती सहल असे. आणि मोकळ्या हवेंत जाऊन जेवण्याची हौस तरी आपल्याला परक्यांनीं थोडीच शिकविली? कार्तिकांत आवळीच्या झाडाखालीं पंगत मांडावयाची, ही आवळीभोजनाची चाल आपल्याकडे जुनीच आहे.

इतकेंच काय, सात दिवसांतून एक दिवस काम बंद ठेवण्याची रीतहि महाराष्ट्राला अगदींच अपरिचित नव्हती. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि आपल्या धर्माप्रमाणें शनिवारीं घाणा बंद ठेवीत. त्यामुळें आसपासचे लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणूं लागले. कोंकणांतील त्या साध्या तेल्यांचा शनिवार इंग्रजांच्या रविवारापूर्वींच आपल्या शेजारीं नांदत होता.

इंग्रजांनीं आपला रविवार आणला, तो त्यांच्या उपासनेचा दिवस म्हणून. त्या दिवशीं कंपनी सरकारच्या कचेऱ्या बंद राहत. कचेरी बंद म्हणून तेथला कारकूनहि मोकळा. साहेब प्रार्थनेला गेल्यामुळें कारकुनाला घरीं राहण्यास मिळे. ही सुट्टी कारकुनानें मागितलेली नव्हती आणि ती त्याच्या विश्रांतीसाठींहि नव्हती. मुंबईच्या पांढरपेशा घरांत रविवार शिरला तो असा, आडवाटेनें.

परंतु शहर केवळ कारकुनांचें नव्हतें. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कापडगिरणीची कंपनी स्थापिली आणि १८५६ सालीं ताडदेव येथें तिचें काम सुरू झालें. पुढील तीस-पस्तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या भागांत गिरण्यांचीं धुराडीं दाटीनें उभीं राहिलीं. रत्नागिरी, सातारा, पुणें या जिल्ह्यांतून माणसें पोट भरण्याकरितां येथें आलीं. गिरणींतलें काम सूर्य उगवण्याबरोबर सुरू होई आणि मावळण्याबरोबर थांबे; म्हणजे उन्हाळ्यांत दिवस मोठा, तर कामहि मोठें. आठवड्याची सुट्टी अशी नव्हतीच. सणाच्या निमित्तानें वर्षांत कांहीं दिवस गिरणी बंद राही. पण त्या मोकळ्या दिवसांपैकींहि बराच वेळ कित्येकदां यंत्रें पुसण्यांत व साफ करण्यांत जाई. १८८१ सालीं सरकारनें कारखान्यांचा पहिला कायदा केला, त्यांत सात वर्षांच्या आंतील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि त्यावरील वयाच्या लहान मुलांना महिन्यांतून चार सुट्ट्या ठरवून दिल्या. प्रौढ स्त्री-पुरुषांसंबंधीं मात्र त्या कायद्यानें मौन धरिलें.

हें मौन मोडणाऱ्या पुरुषाचें नांव नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ सालीं ठाणें येथें जन्मलेल्या या गृहस्थांनीं मुंबईंतील एका गिरणींत कोठारावर काम केलें होतें. त्यामुळें कामगारांचे हाल त्यांनीं समक्ष पाहिलेले होते. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास काढिलेलें 'दीनबंधु' पत्र १८८० पासून लोखंडे यांनीं मुंबईंतून चालविलें आणि त्यांतून गिरणींतील परिस्थिति ते लोकांपुढें मांडूं लागले. १८८४ सालीं त्यांनीं गिरणी-कामगारांची संघटना उभी केली. त्याच सालच्या सप्टेंबरांत परळ येथें कामगारांची सभा भरली, आणि तींत ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारें साडेपांच हजार कामगारांनीं आपली संमति नोंदविली.

त्या मागण्या आज ऐकतांना त्यांचा साधेपणा मनाला लागतो. दर रविवारीं सुट्टी असावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळीं साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्तास थांबावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं पडावा. काम करतांना इजा झाली तर बरें होईपर्यंत पगार मिळावा आणि माणूस कायमचा निकामी झाल्यास त्याच्या निर्वाहाची कांहीं सोय व्हावी. यांत चैनीचें असें कांहीं नव्हतें. जेवावयास अर्धा तास आणि आठवड्यांत एक दिवस, एवढेंच काय तें.

रविवारच कां, या प्रश्नाला कामगारांच्या बाजूनें स्वतंत्र उत्तर होतें. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार. आणि घाटावरून आलेल्या पुष्कळ कुटुंबांचें तर तें कुलदैवत. साहेबाला जो दिवस प्रार्थनेसाठीं, तोच आमच्या माणसाला कुळाचारासाठीं हवा होता. एका दिवसावर दोन भिन्न श्रद्धा अशा एकत्र आल्या.

तरीहि मागणी मान्य होण्यास सहा वर्षें लागलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेंत दोन स्त्री-कामगारांनीं भाषणें केलीं. ज्या काळांत सुशिक्षित घरांतील स्त्रीहि सभेंत उभी राहून बोलण्यास धजत नसे, त्या काळीं गिरणींतल्या दोन बायका हजारों माणसांपुढें बोलल्या, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढील सालच्या, म्हणजे १८९१ च्या, कारखान्यांच्या कायद्यांत आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचें बळ मिळालें. सारांश, कारकुनाला रविवार आयता मिळाला, परंतु या शहराचा रविवार कामगारांनीं मागून, भांडून मिळविला.

आतां सुट्टी तर मिळाली. ती घालवावयाची कोठें? १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८ लक्ष २१ हजारांवर भरली होती. गिरणगांवांतील चाळींत एकेका खोलींत अनेक माणसें राहत. कित्येकदां पाळीपाळीनें झोंपत. गिरगांवांतल्या कारकुनाची खोली थोडी बरी, पण पाहुणा आला तर घरच्या माणसानें गॅलरींत बसावें, इतकीच. मुंबईचा रविवार घराबाहेर कां साजरा होतो, याचें कारण मला या खोल्यांत दिसतें. ज्याच्या घरीं दिवाणखाना नाहीं, त्यानें समुद्रकांठालाच आपला दिवाणखाना केला.

भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालीं लोकांना खुली झाली. तिला आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. शेजारचें वस्तुसंग्रहालय १८७२ सालीं उघडलें आणि त्याच्या उभारणीसाठीं झटणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव त्याला आतां दिलेलें आहे. ज्या दगडी हत्तीवरून घारापुरीला युरोपीय लोकांनीं आपलें नांव दिलें, तो हत्ती याच आवारांत उभा आहे. वाघ-सिंह पाहावयास आलेल्या मुलाला बापानें हत्तीची ही गोष्ट सांगावी, आणि घरून आणलेली पोळीभाजी झाडाखालीं बसून सर्वांनीं खावी, हा पुष्कळ कुटुंबांचा ठरलेला कार्यक्रम असे. याच बागेशीं लोखंडे यांचाहि संबंध आहे. १८९३ सालीं मुंबईंत हिंदु-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला. त्यानंतर दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून त्यांनीं येथें लोकांचा मेळावा भरविला होता. जेथें लोक सहलीला येतात, तेथेंच लोकांना एकत्र आणतां येतें, हें त्यांनीं ओळखलें असावें.

गिरगांवच्या चौपाटीचें माहात्म्य मी निराळें काय सांगावें? १ ऑगस्ट १९२० रोजीं टिळकांनीं देह ठेविला आणि त्यांच्यावर याच वाळूंत अग्निसंस्कार झाले. त्यानंतर ही जागा केवळ हवा खाण्याची राहिली नाहीं. तरीहि रविवारीं संध्याकाळीं तेथें भेळेच्या टोपलीभोंवतीं माणसें जमावयाचीं तीं जमतच राहिलीं. चुरमुरे, शेव, कांदा आणि चिंचेची चटणी, इतक्या अल्प साहित्यावर चारचौघांची मेजवानी व्हावी, हें याच खाद्याला साधलें. कागदाच्या पुडींतून भेळ खातांना कोणाचें ताट मोठें आणि कोणाचें लहान, हा प्रश्न उरत नाहीं.

सहलीचा परीघ वाढला तो वाहनांनीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें पहिली आगगाडी धावली. १८७४ सालीं घोड्यांची ट्राम आली, १९०७ सालीं ती विजेवर चालूं लागली, आणि १९६४ सालीं ट्रामनें मुंबईचा निरोप घेतला. १९२५ सालीं बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली आणि १९२६ सालीं रस्त्यावर बस आली. या साधनांमुळें बोरिवलीपलीकडचीं कान्हेरीचीं लेणीं रविवारच्या एका दिवसाच्या टप्प्यांत आलीं. नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडी १९०७ सालीं सुरू झाली. मुंबई-पुण्याची 'दख्खनची राणी' १ जून १९३० रोजीं निघाली, तीहि प्रारंभीं केवळ आठवड्याच्या अखेरीस धावे; त्या वेळीं तिचा भर शर्यतींच्या शौकिनांवर अधिक होता. एक दिवसाच्या सुट्टीनें आगगाड्यांचें वेळापत्रकसुद्धां बदललें, तें असें.

मित्रमंडळींचा रविवार म्हटला कीं, मला इराण्याचें दुकान डोळ्यांपुढें उभें राहतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं इराणांतून आलेल्या या कष्टाळू लोकांनीं मुंबईच्या रस्त्यांचे कोपरे व्यापिले. कोपऱ्यावरची जागा आपल्याकडील दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती यांना सहज मिळे, असें सांगतात. संगमरवरी फरशीचें टेबल, वळविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बशींत मस्का लावलेला ब्रुन आणि शेजारीं कडक चहा. एका कपावर तासभर बसलें तरी गल्ल्यावरचा इराणी फारसा कुरकुरत नसे. त्या टेबलावर कविता वाचून झाल्या, संपाचे बेत झाले, क्रिकेटचे वाद झाले, आणि कांहीं लग्नेंहि जमलीं असतील.

या दुकानांचा एक मोठा उपकार मात्र आपण क्वचितच बोलून दाखवितों. त्या काळचीं आपलीं बहुतेक खाणावळी व उपाहारगृहें जातवार असत. अमक्या जातीचें म्हणून तेथें पाटीच लागलेली असे. १९१० सालीं दादरला निघालेलें मामा काणे यांचें प्रसिद्ध उपाहारगृहसुद्धां प्रथम 'दक्षिणी ब्राह्मणाचें' म्हणूनच ओळखलें जाई. इराण्याकडे जात विचारून बसविण्याची रीत नव्हती. जेथें १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, त्याच प्रांतांत चार जातींचे चार मित्र एका टेबलाशीं बसून चहा पीत, ही गोष्ट लहान नव्हे. घरीं एकमेकांकडे जेवावयास जाणें ज्यांना अशक्य होतें, त्यांची मैत्री अशा दुकानांत वाढली.

गिरणगांवांत एकट्या राहणाऱ्या पुरुषांना आधार होता तो खाणावळवाल्या बाईंचा. चाळींतल्या आपल्याच खोलींत चूल पेटवून ती वीस-पंचवीस माणसांना जेवूं घाली. रविवारीं तेथें मासळीचें किंवा मटणाचें जेवण होई. दुपारीं कोणी गांवीं पत्र लिहवून घेई, कोणी आखाड्यांत जाई, रात्रीं भजनी मंडळाचे टाळ-मृदंग सुरू होत. या बायकांची पहिली मोठी संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं उभी केली.

करमणुकीच्या धंद्यानेंहि हा दिवस लौकरच हेरला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगांवच्या कॉरोनेशन गृहांत ३ मे १९१३ रोजीं लोकांसमोर आला, तो शनिवार होता. १९४८ सालीं सुरू झालेली कांगा लीगची क्रिकेट-स्पर्धा तर पावसाळ्यांतल्या रविवारांचीच. चिखलांत घसरणारे खेळाडू आणि छत्री धरून उभे असलेले प्रेक्षक हें मुंबईचें स्वतःचें दृश्य आहे.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग सर्वांना रविवार मिळाला, गोष्ट संपली. श्रोतेहो, गोष्ट संपलेली नाहीं. गिरणीनंतर दुकानांतल्या नोकरांना आठवड्याची सुट्टी मिळण्यास मुंबई प्रांतांत १९३९ सालचा दुकानांचा कायदा व्हावा लागला. म्हणजे गिरणीकामगारांमागून जवळ जवळ पन्नास वर्षांनीं. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ सालीं आणि महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांना २०२० सालीं पांच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हां कारकुनाचा रविवार दोन दिवसांचा झाला. मात्र ज्या गिरणीकामगारानें या सुट्टीसाठीं झगडा केला, तो १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर कायमचाच रिकामा झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्या संपांत होते. गिरण्या बंद पडत गेल्या. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागेवर आज भव्य बाजारपेठ उभी आहे, आणि शहरांतील सुखवस्तु कुटुंबें शनिवार-रविवारीं तेथें खावयास, हिंडावयास जातात. जाण्यांत गैर कांहींच नाहीं. पण तेथें वाढपी, पहारेकरी, सफाई करणारे यांचा कामाचा भर रविवारींच अधिक असतो. आपला रविवार सुखाचा व्हावा म्हणून कोणीतरी आपला रविवार सोडलेला असतो. त्याची सुट्टी मंगळवारीं किंवा बुधवारीं पडते, जेव्हां त्याचीं मुलें शाळेंत असतात.

आणि आपल्या घरांतच पाहा. महालक्ष्मीच्या मैदानावर ज्या दोन बायकांनीं रविवारसाठीं भाषणें केलीं, त्यांना मिळालेल्या पहिल्या रविवारीं चूल चुकली असेल काय? मला तसें वाटत नाहीं. पुरुषाला सुट्टी, मुलांना सुट्टी, म्हणून त्या दिवशीं न्याहरीला कांहीं विशेष, दुपारीं पुऱ्या, चार वाजतां मित्रांना चहा-पोहे. आणि हें सर्व करणारीचा तो आठवड्यांतला सर्वांत कष्टाचा दिवस. १८९० सालीं गिरणीमालकांकडून जो विसावा मिळाला, तो आपल्या स्वयंपाकघरांत पोंचण्यास कोणत्या कायद्याची जरुरी आहे? तेथें मालक आपणच आहों.

नारायण मेघाजी लोखंडे १८९७ सालच्या प्लेगमध्यें वारले. प्लेगनें पछाडलेल्या लोकांची सेवा करीत असतांनाच त्या रोगानें त्यांना गांठलें. २००५ सालीं भारत सरकारनें त्यांच्या नांवाचें टपालाचें तिकीट काढून त्यांचें स्मरण केलें. तिकीट पाहावयास मिळो न मिळो, त्यांचें स्मरण करण्याचा एक सोपा मार्ग आपल्यापाशीं आहे. येत्या रविवारीं आपण मित्रांना जरूर बोलवा, चौपाटीवर जा, मुलांना राणीची बाग दाखवा आणि तो दगडी हत्तीहि दाखवा. मात्र निघण्यापूर्वीं घरांतल्या माउलीच्या हातांतील झारा आपल्या हातीं घ्या, आणि घरीं कामाला येणाऱ्या बाईला आठवड्याचा एक दिवस पगारासह मोकळा द्या. मागण्या त्याच आहेत: आठवड्यांतून एक दिवस आणि जेवावयास निवांत अर्धा तास.